गळा तिचा, चाल कुणाची?

नाताळच्या दिवसांत गोव्यात क्वायरच्या एखाद्या कार्यक्रमाला जाऊन बसा, विवाल्डीचं ‘ग्लोरिया’ कानावर पडण्याची शक्यता बरीच असते. सुरुवातीच्या त्या वर-खाली उड्या मारणाऱ्या सुरावटी एकदा ऐकल्या की विसरत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत विवाल्डीचं नाव असतं, कंडक्टरचं (बसमधल्या नव्हे) असतं, गाणाऱ्यांचीही असतात. एक गोष्ट मात्र सहसा छापलेली दिसत नाही. ही रचना बहुधा १७१५ च्या सुमाराची, आणि ती झाली व्हेनिसमधल्या ‘पिएता’ या अनाथाश्रमातल्या मुलींसाठी. विवाल्डी तिथे १७०३ पासून व्हायोलिन शिकवायचा. मुली जाळीच्या पडद्याआड उभ्या राहून गायच्या आणि त्यांना ऐकायला युरोपभरातून लोक यायचे. टेनॉर आणि बास या खर्जाकडच्या ओळीसुद्धा तिथे मुलीच गात असत, असं संशोधक मानतात.

या मुलींना आडनाव नव्हतं. कुणी तान्हेपणी आश्रमाच्या दारात ठेवून गेलेलं, मग आडनाव कुठून येणार? ‘पिएताची अमुक’, ‘पिएताची तमुक’ अशीच त्यांची नावं. आपल्याकडे केरीच्या केसरबाई केरकर झाल्या आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर झाल्या, त्यामागचा इतिहास वेगळा. पण गाव हेच आडनाव होण्यामागची कळ गोव्यातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. तर त्या पिएताच्या मुलींपैकी आगाता आणि मिकिएलिना या दोघी नुसत्या गायच्या नाहीत, स्वतः रचनाही करायच्या. विवाल्डी सगळ्या जगाला ठाऊक झाला. आगाता पिएताची कुणाच्या कानी आहे?

मला या लेखात मांडायचं आहे ते एवढंच, की वृंदगायनाला बाईचा गळा नेहमीच हवा होता, बाईची चाल मात्र नको होती. आणि आज, गेल्या तीस-चाळीस वर्षांत, या प्रकारात जे खरोखर नवं ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं बायकांनी रचलेलं आहे. आपल्या गोव्यात, जिथे पोर्तुगिजांच्या काळापासून इगर्जीत चार-चार आवाजांत गाणं होत आलं आहे, तिथे या बदलाची फारशी चर्चाच नाही. ख्रिस्ती मित्र म्हणतात, ‘अरे, आमचा सगळा भर जुन्यावर.’ आणि आपण मराठी वाचणारी मंडळी म्हणतो, ‘ते त्यांचं गाणं, आपलं काय काम तिथे?’ दोन्हीही मला पटत नाही.

थोडं मागे जाऊ. बारावं शतक. हिल्डेगार्ड (१०९८–११७९) ही जर्मन मठाधिपती. तिनं आपल्या मठातल्या जोगिणींसाठी सत्तरहून अधिक गीतं रचली आणि एक संगीत नाटकही रचलं. त्या नाटकात सगळे गातात, सैतान तेवढा गात नाही, तो नुसता ओरडतो. ज्याच्याजवळ गाणं नाही तो सैतान! ही कल्पना मला तरी फार आवडते. पुढे सतराव्या शतकात मिलानच्या कोझोलानी आणि नोव्हाराच्या इसाबेला लेओनार्दा या जोगिणींनी मठाच्या भिंतींआड राहून आपल्या रचना छापून बाहेर पाठवल्या. लेओनार्दाच्या दोनशेच्या आसपास रचना आहेत. म्हणजे ‘बायका रचना करत नव्हत्या’ हे खोटं आहे. भिंतीआड करत होत्या.

आणि मग येतं १९०३. त्या वर्षी २२ नोव्हेंबरला, म्हणजे संगीताची संत सेसिलिया हिच्या सणादिवशीच, पोप दहावे पायस यांनी चर्चमधल्या संगीताविषयी एक आज्ञापत्र काढलं. त्यातला एक मुद्दा असा, की क्वायरमध्ये गाणं ही उपासनेतली जबाबदारी आहे, ती बायकांना देता येत नाही. उंच आवाज हवे असतील तर मुलगे घ्या. एका बाईच्या सणादिवशी बाकीच्या बायकांना गप्प बसवण्याचा हा योग कुणी मुद्दाम जुळवला नसेल, पण जुळला खरा. हा नियम सैल व्हायला १९५५ उजाडलं, तेही अटी घालून. आज इगर्जीत मुली-बायका गाताना बघून आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी ते गृहीत धरण्यासारखं नव्हतं.

देवळाबाहेर, म्हणजे सभागृहात, काय परिस्थिती होती? एथेल स्मिथ या इंग्रज बाईंचा ‘मास इन डी’ १८९३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. मोठा वाद्यवृंद, मोठा क्वायर. त्यानंतर तो पुन्हा सादर व्हायला १९२४ साल उजाडलं. एकतीस वर्षं! कुणा पुरुषाच्या एवढ्या मोठ्या कृतीच्या वाट्याला असं कधीच आलं नसेल असं मी म्हणत नाही, पण बाई आग्रही होती, ओळखीपाळखी असलेली होती, तरी हे झालं. याच बाईंनी मताधिकाराच्या चळवळीसाठी एक संचलनगीत रचलं आणि १९१२ मध्ये खिडकीवर दगड मारल्याबद्दल हॉलोवे तुरुंगात गेल्या. तिथे बीचम नावाचा प्रसिद्ध कंडक्टर त्यांना भेटायला गेला, तर खाली पटांगणात कैदी बायका तेच गीत गात फिरत होत्या आणि वर खिडकीतून एथेलबाई दात घासायच्या ब्रशनं त्यांना ताल दाखवत होत्या. त्या वेळचा तो क्वायर कसा वाजला असेल कोण जाणे, पण ऐकायला मिळता तर मी अल्बर्ट हॉल सोडून तिथे गेलो असतो.

लिली बुलांजेर या फ्रेंच मुलीबद्दल दोन शब्द तरी लिहिलेच पाहिजेत. फ्रान्सचा मानाचा ‘प्री द रोम’ पुरस्कार संगीतरचनेसाठी मिळवणारी ती पहिली बाई, १९१३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. १९१८ मध्ये ती वारली तेव्हा चोवीस वर्षांची होती. आजारपणात, महायुद्धाच्या काळात, तिनं वृंदासाठी ज्या रचना केल्या त्यात एक आहे ‘जुनी बौद्ध प्रार्थना’. शब्द ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथातले, फ्रेंच भाषांतरात. सर्व प्राणिमात्र निर्वैर असोत, सुखी असोत अशा अर्थाची ती मैत्रीची भावना. जेमतेम आठ-नऊ मिनिटांची रचना. ऐकताना त्यात पूर्वेकडचा मुलामा लावल्यासारखं कुठेही वाटत नाही, हे त्या पोरीचं मोठेपण. बाहेर तोफा धडधडताहेत आणि ही सगळ्या विश्वासाठी प्रार्थना लिहितेय. या रचनेत सूर पुन्हा पुन्हा एका ठिकाणी परत येतात, ज्याला आपण ‘घोळवणं’ म्हणतो तसं काहीसं. आपल्या कानाला ती हेन्डेलपेक्षा लवकर जवळची वाटेल असा माझा दावा आहे.

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. आपल्या माणसाला पाश्चात्त्य वृंदगायन का कठीण जातं? चार ओळी एकाच वेळी चालू असतात, त्यातली कुठली धरायची ते कळत नाही. आपण एका स्वरावलीच्या मागे जाणारी माणसं. या चार आवाजांच्या शिक्षणाचं माहेरघर म्हणजे कॅथीड्रलच्या शाळा. तिथे शेकडो वर्षं मुलगेच शिकले. इंग्लंडमध्ये कॅथीड्रलनं मुलींसाठी रीतसर क्वायर सुरू केला तो सॉल्झबरीला, १९९१ साली! साहजिकच, ज्या बायका विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वृंदासाठी लिहू लागल्या त्यांतल्या पुष्कळ जणी या घराण्याबाहेरून आल्या. कुणी इलेक्ट्रॉनिक आवाजांतून, कुणी नाचातून, कुणी व्हायोलिनवरून. ‘चार ओळी म्हणजे गाणं’ हे त्यांनी गृहीत धरलं नाही. श्वास, कुजबूज, बोलणं, षड्जासारखा धरून ठेवलेला एक सूर या सगळ्याला त्यांनी गाण्यात जागा दिली. फिनलंडची काया सारियाहो (१९५२–२०२३) हिच्या वृंदरचनांत श्वास हाच एक वाद्य असल्यासारखा येतो. रशियाची सोफिया गुबायदुलिना २०२५ मध्ये गेली. तिनं १९९७ मध्ये संत फ्रान्सिसच्या सूर्यस्तोत्रावर एक रचना केली: एक चेलो, तालवाद्यं आणि छोटा क्वायर. तिथे क्वायर चेलोच्या मागे उभा राहून हलकेच बोलतो आहे असं वाटतं.

ज्युडिथ वीअरचं उदाहरण वेगळं आहे, आणि थोडं गमतीचंही. केंब्रिजच्या किंग्स कॉलेजात नाताळच्या आदल्या संध्याकाळी होणारी उपासना बीबीसीमुळे जगभर ऐकली जाते. १९८३ पासून तिथे दरवर्षी कुणाकडून तरी नवं कॅरल करून घेण्याची पद्धत पडली. १९८५ मध्ये वीअरबाईंनी जुन्या स्कॉट बोलीतल्या शब्दांना चाल लावली. अडीच-तीन मिनिटांचं काम, पण लखलखीत. कुठेही गोड गोड नाही. आता गंमत बघा. त्या क्वायरमध्ये गातात मुलगे आणि पुरुष. म्हणजे इथे बाईची चाल चालली, बाईचा गळा नाही! मी वर मांडलेला सिद्धांत इथे उलटा होतो, हे मला मान्य आहे. अपवाद असायला हरकत नाही. पुढे २०१४ मध्ये त्या राणीच्या दरबारी संगीतप्रमुख झाल्या. सतराव्या शतकापासूनच्या त्या पदावर आलेली ही पहिली बाई. २०२४ मध्ये त्यांच्या जागी एरोलिन वॉलन आल्या. बेलीझमध्ये जन्मलेल्या, आणि पुन्हा बाईच.

आता कॅरोलिन शॉ. अमेरिकन, व्हायोलिन वाजवणारी, आणि ‘रूमफुल ऑफ टीथ’ (नाव विचित्र आहे खरं!) या आठ गायकांच्या गटात स्वतः गाणारी. तिच्या ‘आठ आवाजांसाठी पार्टिता’ या रचनेला २०१३ चं पुलित्झर मिळालं, तेव्हा ती तीस वर्षांची होती. हा मान इतक्या लहान वयात त्याआधी कुणाला मिळाला नव्हता. चार भाग, नावं जुन्या नाचांची. त्यातल्या पहिल्या भागातली बडबड मला थोडी लांबलेली वाटते. पण शेवटचा भाग, पासाकाल्या, ऐकाच. सुरुवातीला तीच स्वरसंगती पुन्हा पुन्हा येते आणि फक्त तोंडाचा आकार बदलत जातो. आपल्याकडे आकार, इकार, उकार असं म्हणून गळा तयार करतात ना, नेमकं तेच इथे रचना होऊन समोर येतं. हे ऐकून ‘आपलं काय काम तिथे’ असं कोण म्हणेल?

पण या रचनेची दुसरीही बाजू आहे, आणि माझ्या दृष्टीनं तीच जास्त महत्त्वाची. तिसऱ्या भागात, कुरांतमध्ये, श्वास आत-बाहेर घेत केलेले घशातले आवाज येतात. ते उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट बायकांच्या ‘कताज्जक’ या खेळगाण्यातले. दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, एकीचा आवाज दुसरी उचलते, दुसरीचा पहिली, आणि जिला आधी हसू फुटेल किंवा दम लागेल ती हरली. रूमफुल ऑफ टीथच्या गायकांनी हे इनुइट शिक्षिकांकडून शिकून घेतलं होतं. २०१९ मध्ये तान्या तगाक या इनुइट गायिकेनं जाहीर हरकत घेतली: आमच्या बायकांचं गाणं तुमच्या रचनेत, आणि श्रेय व बक्षीस एकटीला? गटाला त्यावर जाहीर उत्तर द्यावं लागलं. पुष्कळांनी हा वाद ‘अमेरिकेतली नेहमीची भांडणं’ म्हणून सोडून दिला. मला तो सोडता आला नाही, कारण समोरासमोर उभ्या राहून गाणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत.

धालो. पौषातल्या चांदण्या रात्री, मांडावर, बायकांच्या दोन रांगा तोंडाला तोंड करून उभ्या. एका रांगेनं ओळ म्हणायची, दुसरीनं ती घ्यायची, पावलं पुढे-मागे, कमरेत वाकणं. युरोपात दोन क्वायर समोरासमोर ठेवून गायच्या पद्धतीला मोठं नाव आहे, व्हेनिसच्या सेंट मार्कची ती कीर्ती. आपल्याकडे तेच बायका अंगणात करत आल्या, आणि आपण त्याला ‘लोकगीत’ म्हणून एका कप्प्यात ठेवून दिलं. आमच्या वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना मी एकदा विचारलं होतं की हे गाणं कुणी रचलं. त्या म्हणाल्या, ‘‘कोणें रचलें तें कित्याक जाय? आमी गायतात न्हय!’’ उत्तर झकास आहे, पण मला पुरेसं वाटलं नाही. कारण त्याच बाई पुढच्या घटकेला सांगत होत्या, की अमक्या घरातल्या सुनेनं माहेराहून आणलेली एक चाल त्यांच्या मांडावर रुळली. म्हणजे रचणारीचं, आणणारीचं नाव त्यांना ठाऊक होतं. ते कुणी लिहून घेतलं नव्हतं, एवढंच.

नाव झाकून ठेवण्याची सवय शिकल्यासवरल्यांतही होतीच. मंगेशीच्या लता मंगेशकरांनी १९५० मध्ये एका मराठी चित्रपटाला स्वतःच्या नावानं संगीत दिलं. पण साठच्या दशकात ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांना त्यांनी चाली दिल्या त्या ‘आनंदघन’ या नावाखाली. हे नाव बाईचं की बुवाचं हे ऐकणाऱ्याला कळू नये असं! जिचा गळा अवघ्या देशाला ठाऊक, तिनंही चालीखाली आपलं नाव घालायचं टाळलं. कारणं काही असोत. पण गाण्यासाठी एक नाव आणि चालीसाठी दुसरं, हा योग मला कधीच नुसता योग वाटला नाही.

मग रीना एस्मेलकडे यावं लागतं. १९८३ मध्ये शिकागोत जन्मलेली, पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकलेली आणि भारतात येऊन हिंदुस्थानी संगीत शिकलेली. तिची ‘तारेकिट’ ही छोटी रचना तबल्याच्या बोलांवर आहे. ती तिनं २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या, रस्त्यावर दिवस काढलेल्या लोकांच्या एका क्वायरसाठी केली. तबला शिकलेल्या माणसाला पहिल्यांदा ऐकताना वाटेल की यात काय मोठं? आपला पोरगा पहिल्या वर्षात हे बोलतो. पण एकेका बोलाची उंची वेगळी ठेवून चार आवाजांनी ते एकात एक विणलं की पढंत आणि हार्मनी यांत भांडण नाही हे कानाला कळतं. त्याच वर्षीची तिची मोठी कृती म्हणजे ‘धिस लव्ह बिट्वीन अस’. भारतातल्या सात धर्मपरंपरांमधले एकतेविषयीचे शब्द, सात भाग, क्वायर, बरोक वाद्यवृंद आणि सोबत सतार-तबला. सतार तिथे पाहुणी म्हणून बसवलेली नाही, घरची आहे. गोव्याखेरीज ही कृती कुठे जास्त शोभेल, तुम्हीच सांगा. इथे भजनातला तबला आणि इगर्जीतलं ऑर्गन एका वाड्यावर ऐकू येतात. मोन्त टेकडीवरच्या महोत्सवात दोन्ही संगीतं एका आवारात होतात. फक्त एका रचनेत ती क्वचितच भेटतात.

यावर मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो. गाण्याला लिंग असतं का? चांगलं ते चांगलं, बाईचं असो की पुरुषाचं. अगदी मान्य. बायकांच्या सगळ्याच रचना थोर असतात असं मी म्हटलेलंच नाही. आधुनिक वृंदगायनात कंटाळवाणा धुकेदार गोडवा भरपूर आहे आणि तो दोघांनीही लिहिला आहे. पण कान निवड करतो ती समोर आलेल्यातून. समोर येतच नसेल तर कान काय करील? एथेल स्मिथचा ‘मास’ एकतीस वर्षं वाईट नव्हता, तो छापील पानांत बंद होता. दुसरी अडचण सांगतात ती नोटेशन मिळण्याची आणि हक्काच्या पैशांची. ती खरी आहे. पण वीअरचं कॅरल तीन मिनिटांचं आहे, ‘तारेकिट’ त्याहून मोठी नाही. अख्ख्या कार्यक्रमात एवढी जागा निघायला हरकत नसावी. बाकीचा वेळ विवाल्डीला द्या, माझी तक्रार नाही. फक्त पत्रिकेत पिएताच्या मुलींचा उल्लेख एका ओळीत करा.

आणि आणखी एक. आता शाळांतून, महोत्सवांतून धालोच्या चाली घेऊन समूहगान बसवलं जातं. चांगली गोष्ट आहे. तिथे खाली छापतात, ‘पारंपरिक; संयोजन : अमुक सर’. त्या ‘पारंपरिक’ शब्दाऐवजी गावाचं नाव, मांडाचं नाव आणि जिच्या तोंडून ती चाल घेतली तिचं, तिला विचारून, नाव छापायला किती जागा लागते? फार तर अर्धी ओळ. पुढच्या पौषात कुणी रेकॉर्डर घेऊन मांडावर जाणार असेल तर वहीही न्या, आणि गाणं संपल्यावर लगेच निघू नका. कुठली ओळ कुणी आणली यावरून त्या आपापसात वाद घालतात, तो बसून ऐका आणि लिहून घ्या.